घाटघरचे पिठले कोणी सुरू केले?

लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला जाणारे बहुतेक भाविक सातव्या लेण्यात शिरतात, हात जोडतात, ओवरीत घटकाभर टेकतात आणि माकडांपासून पिशव्या सांभाळत पायऱ्या उतरू लागतात. शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. तिथे खांबांवरचे हत्ती, वाघ, बैल पाहायला थोडे जण थांबतात. त्याच लेण्यातला ब्राह्मी शिलालेख मात्र फारसे कोणी पाहत नाही. मजकूर एवढाच आहे : कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दिले. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. दोन हजार वर्षांपूर्वी, रेल्वे नाही, माळशेजचा रस्ता नाही, अशा काळात कल्याणचा माणूस जुन्नरच्या डोंगरात एवढा खर्च का करतो?

उत्तर नाणेघाटात आहे. कल्याण बंदरात उतरलेला माल वैशाखऱ्याच्या बाजूने हा घाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटमाथ्याच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे आणि बाहेर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण. सुलसदत्ताच्या घरच्यांचा व्यवहार याच वाटेवरचा असणार. ज्या वाटेने आपण जातो-येतो तिच्यावरच्या मुक्कामाला त्याने हात लावला.

जुन्नरभोवती लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत आणि त्यांतले दानलेख एकत्र वाचले की एक वेगळेच चित्र उभे राहते. राजांची नावे त्यांत जवळजवळ नाहीत. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मानमोडीत मंडप आणि पाण्याचे टाके दिले, हाच काय तो दरबारी माणूस. बाकी सगळी बाजारपेठेतली मंडळी. शिवनेरीच्या लेण्यांत यवन इरिल दोन टाकी देतो. तिथेच यवन चिट संघाला भोजनमंडप देतो. धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे त्यांचा व्यावसायिक संघ, सात खोल्यांचे लेणे आणि टाके देते. वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा उल्लेख आहे, म्हणजे व्याजातून पुढचा खर्च भागत राहील. आडुथुम नावाचा एक शक वडालिका गावातली २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक गावातली ९ निवर्तने वडाच्या झाडांसाठी लावून देतो आणि ती जबाबदारी कोणाचिक श्रेणीवर सोपवतो.

पाणी, जेवायची जागा, झोपायच्या खोल्या, सावली आणि देखभालीचा पैसा. आजच्या पर्यटन आराखड्यात जे रकाने असतात तेच हे. दान धर्मासाठीच होते, पुण्यासाठीच होते, याबद्दल दुमत नाही. पण काय द्यायचे हे कोणी ठरवले, ते महत्त्वाचे आहे. वाटेने येणारा, बाजारात माल पुरवणारा आणि डोंगरात राहणारा भिक्षू, या तिघांच्या गरजा एकमेकांना ठाऊक होत्या. म्हणून टाकी अशा ठिकाणी खोदली गेली की त्यांतली कित्येक आजही पाणी धरतात.

जुन्नर तालुक्याला राज्य सरकारने २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. त्या आधीपासून आणि त्यानंतरही इथे पाहुण्यांसाठी नव्या सोयी उभ्या राहत आहेत. शेतावरचे मुक्काम आहेत, द्राक्षबागेतल्या सहली आहेत, गडांवरचे वाटाडे आहेत, चुलीवरची जेवणे आहेत. त्यांतल्या कोणत्या टिकल्या आणि कोणत्या फलकापुरत्या उरल्या, हे पाहायचे म्हणून मी या तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात फिरत राहिलो. माझे मत आता पक्के झाले आहे : इथे टिकलेली प्रत्येक सोय घेणाऱ्याने आणि पुरवणाऱ्याने एकत्र घडवलेली आहे. ज्या सोयीत या दोघांपैकी एकालाच विचारले गेले, किंवा दोघांनाही विचारले गेले नाही, ती लंगडी राहिली.

घाटघरचे उदाहरण घ्या. जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचे हे गाव. जुन्नरहून आपटाळे, चावंड करत रस्ता इथवर येतो, पुढे नाणेघाटाचे पठार. गाव मुख्यतः महादेव कोळ्यांचे. पाऊस एवढा की भातखाचरांखेरीज दुसरे पीक सुचू नये. आज इथे घराघरांतून जेवणाची, मुक्कामाची सोय होते. आधी फोन केला की किती माणसे, शाकाहारी किती, भाकरी नाचणीची की तांदळाची, एवढे विचारून घेतात. हा व्यवसाय कुठल्या योजनेतून आला नाही. तो आणला ट्रेकर मंडळींनी. मुंबई, कल्याण, डोंबिवलीचे पोरगे शुक्रवारी रात्रीची एसटी पकडून वैशाखऱ्याला उतरायचे, रात्री किंवा पहाटे घाट चढून गुहेत पथारी टाकायचे. स्टोव्ह आणि रेशन पाठीवर वाहून कंटाळले की घाटघरात एखाद्या दाराशी उभे राहून विचारायचे : मावशी, भाकरी-पिठलं मिळेल का? मावशीने घरात होते ते दिले. पैसे किती घ्यायचे हे तिला ठाऊक नव्हते, किती द्यायचे हे पोरांना ठाऊक नव्हते. दोघांनी मिळून दर ठरवला. पुढच्या वेळी तेच पोरगे दहाजणांना घेऊन आले, तेव्हा ताटे अपुरी पडली आणि ताटे कुठून आणायची हे शेजारणीशी बोलून ठरले. बाहेर अंगण शेणाने सारवलेले, पण पावसात ओले कपडे वाळवायला जागा नाही, ही अडचण पोरांनी सांगितली तेव्हा पडवीत दोरी आली. बायकांसाठी आडोशाची सोय हवी, हे मुली ट्रेकला येऊ लागल्यावर पुढे आले आणि ते सांगायला मुलीच लागल्या.

अमेरिकेतल्या एमआयटीत एरिक फॉन हिपेल नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी १९८६ साली एक निरीक्षण मांडले : नवी वस्तू किंवा सेवा पुष्कळदा कारखान्यात सुचत नाही. ज्यांना तिची गरज इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा जास्त भासते असे आघाडीचे वापरकर्ते ती आधी आपल्यापुरती जुळवून घेतात आणि मग बाजार त्यांच्या मागून येतो. शास्त्रीय उपकरणे असोत की यंत्रे, त्यांना हेच दिसले. मिशिगनचे सी. के. प्रल्हाद आणि वेंकट रामस्वामी यांनी २००४ च्या त्यांच्या पुस्तकात याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांचे म्हणणे असे की मोल कंपनी तयार करते आणि ग्राहक विकत घेतो, हे चित्रच जुने झाले. मोल दोघांच्या व्यवहारात तयार होते. घाटघरच्या पडवीतली दोरी हे त्याचे चोख उदाहरण आहे. फरक एवढाच, की इथे पुरवणाराही घडवणारा होता. नाचणी कुणाच्या शेतातली, कोंबडी कुणाकडची, रानभाजी कोण आणणार, हे गावातच ठरत होते. कुरडू, चाईचा मोहर, भारंगी या भाज्या शहरी माणसाने मागितल्या नसत्या, कारण त्याला त्या ठाऊकच नव्हत्या. त्या ताटात आणल्या गावच्या बायकांनी. पाहुण्याने चव घेतली, नाव विचारले, आणि पुढच्या पावसात मुद्दाम त्यासाठी आला.

मग मोबाइल आला आणि नाणेघाटाच्या उलट्या धबधब्याच्या चित्रफिती सगळीकडे फिरल्या. वाऱ्याच्या जोराने पाणी वर उडते ते पाहायला पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. हे पाहुणे वेगळे. ते गावात थांबत नाहीत, विचारत नाहीत, जेवण सोबत आणतात आणि कचरा मागे टाकतात. संख्या वाढली, पण गावाच्या हाती लागलेला पैसा त्या प्रमाणात वाढला नाही आणि त्रास मात्र अनेक पटींनी वाढला. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एका कुटुंबातली माणसे वाहून गेली, त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मावळ, मुळशीबरोबर जुन्नर, आंबेगावातल्याही पावसाळी ठिकाणांवर जमावबंदीचे आदेश काढले. जिवापुढे कुठलाच धंदा मोठा नाही, म्हणून मी त्या आदेशाला नावे ठेवणार नाही. पण कड्याच्या कोणत्या टोकाशी शेवाळ धरते, धुके उतरले की माणूस नेमका कुठे चुकतो, कोणत्या ओढ्याचे पाणी अर्ध्या तासात चढते, हे घाटघरच्या गुराख्याला ठाऊक असते. बंदी कुठे आणि कधी लागावी आणि कुठे नुसता वाटाड्या पुरेसा आहे, हे त्याला विचारून ठरवता येते. आणि वीस वर्षे त्याच वाटेने येणाऱ्या ट्रेकरलाही विचारता येते. हे दोघे एका बैठकीत बसले तर पावसाळ्याचे नियोजन पठाराच्या खऱ्या नकाशावर होईल.

पूर्वेकडे उतरले की तालुका बदलतो. कुकडीच्या पाण्याने नारायणगाव, ओतूर, राजुरी हा पट्टा बागायती झाला. टोमॅटो, ऊस, कांदा, द्राक्ष. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा. या भागातल्या शेतकऱ्याला ग्राहकाचा आवाज नवा नाही. द्राक्षाने तो त्याला आधीच शिकवला. राज्यातल्या बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये महाग्रेप्स उभी केली आणि युरोपात माल पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा मण्याची जाडी, घडाचा आकार, साखरेचे प्रमाण, शीतगृहातले तापमान, सगळे तिकडचा खरेदीदार सांगत होता. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकाचे अंश सापडल्याने खळबळ उडाली. त्या धक्क्यातून केंद्राच्या अपेडा या कृषी निर्यात संस्थेने २००६ मध्ये ग्रेपनेट ही नोंदव्यवस्था आणली : प्रत्येक पेटी कोणत्या बागेतली हे मागे जाऊन सापडले पाहिजे. जुन्नरची जंबो काळी द्राक्षे आज परदेशी जातात त्यामागे ही शिस्त आहे. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंतच्या फवारण्यांची वही ठेवणे ही सवय ग्राहकाच्या तक्रारीतून लागली.

म्हणून शहरातला पाहुणा थेट बागेत यायला लागला तेव्हा हा शेतकरी गडबडला नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीच्या वेळी पाहुण्याला स्वतःच्या हाताने घड तोडायचा असतो. बागायतदाराला ते परवडत नाही, कारण हात लागला की मण्यावरची पांढरी लव निघते आणि निर्यातीचा घड बाद होतो. शिवाय शेवटच्या फवारणीनंतर ठरावीक दिवस गेले नसतील तर तो घड खाऊ देणेही बरोबर नाही. यावर तोड निघाली ती दोघांच्या बोलण्यातून : पाहुण्यांसाठी चार-दोन ओळी वेगळ्या, त्यांवरची फवारणी आधीच थांबवलेली, कात्री कशी धरायची ते आधी दाखवायचे, तोडलेले वजन करून घरी न्यायचे. जुन्नरला भरणाऱ्या द्राक्ष महोत्सवामागे हाच अनुभव आहे. राजुरीच्या पराशर कृषी पर्यटनासारखी केंद्रे या तालुक्यात उभी राहिली, आणि त्यांच्या आधी २००५ च्या सुमारास बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा प्रयोग बांधायला घेतला होता. राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले २०२० मध्ये. म्हणजे धोरणाच्या आधी दीड दशक शेतकरी आणि पाहुणे मिळून ही सेवा चालवून पाहत होते.

इटलीत हेच दुसऱ्या मार्गाने झाले. तिथे १९८५ च्या कायद्याने शेतावरच्या पाहुणचाराला मान्यता देताना अट घातली की शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, पाहुणचार तिच्या जोडीचा. २००६ च्या नव्या कायद्यानेही ती अट सोडली नाही. ही अट मला फार मोलाची वाटते. कारण शेती गेली की पुरवठादार गेला, आणि उरते ते फक्त झाडे लावलेले हॉटेल.

पुरवठादार म्हणजे कोण, हे मासवडीच्या ताटात नीट दिसते. मासवडी ही जुन्नर-आंबेगावची ओळख. नावात मासा, पण पदार्थ पूर्ण शाकाहारी. बेसन फोडणीच्या पाण्यात घालून घट्ट पिठल्यासारखे शिजवायचे. गरम असतानाच ते ओल्या फडक्यावर पातळ थापायचे. त्यावर सारण : भाजलेले तीळ, किसून भाजलेले सुके खोबरे, परतलेला कांदा, लसूण, लाल तिखट, कोथिंबीर, जाडसर वाटलेले. फडक्याच्या काठाने हलकेच उचलत वळकटी करायची, दाबायची, आणि सुरीने तिरक्या वड्या पाडायच्या. हात चुकला की वळकटी फुटते, पीठ गार झाले की थापता येत नाही. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी.

हा पदार्थ पूर्वी हॉटेलात मिळत नव्हता. घरी पाहुणे आले, मुलगी माहेरी आली, आखाड तळायचा झाला की व्हायचा. शेतावर मुक्कामाला येणारे लोक सुरुवातीला पनीर मागत. पनीर काय, ते शहरातही मिळते, असे म्हणून काही घरांनी मासवडी वाढून पाहिली. पुढचा ग्राहक मासवडीच मागत आला. पण वीस-पंचवीस माणसांसाठी एका घरातली बाई वळकट्या करू शकत नाही. मग शेजारच्या बचत गटातल्या बायका आल्या. एक गट मासवडी, एक भाकरी, एकीकडे काळा मसाला. या बायकांनीच सुचवले की रस्सा दोन प्रकारचा ठेवा, एक घरच्यासारखा आणि एक लहान मुलांना झेपेल असा. ही सूचना मालकाची नव्हती आणि पाहुण्याचीही नव्हती. ताटे परत येताना कशात काय उरते ते धुणाऱ्या हातांना दिसते, म्हणून ती त्यांना सुचली. ज्या केंद्रांत या बायका रोजंदारीवर येऊन निघून जातात तिथे मासवडी आहे, पण तिचे पुढे काही झाले नाही. ज्या ठिकाणी त्या भागीदार आहेत तिथे त्यांनी पाहुण्यांना वळकटी करायला शिकवणे सुरू केले, मसाल्याच्या पुड्या विकायला ठेवल्या. एकाच पदार्थात हा फरक पडतो.

पाहुण्याची प्रत्येक मागणी मान्य करायची नसते, हेही इथे शिकायला मिळते आणि ते बिबट्या शिकवतो. उसाने बिबट्याला आडोसा दिला, पाण्याने सावज दिले, आणि जुन्नर वनविभागात माणूस-बिबट्या संघर्षाने गेल्या काही वर्षांत फार जीव घेतले. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, ते वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून चालवतात. शहरातल्या पाहुण्याला रात्री शेकोटी हवी असते, उशिरा जेवण हवे असते, चांदण्यात शेतातून फेरी हवी असते. ती मागणी खरी आहे, पण या भागात अंधार पडल्यावर उसाच्या कडेने फिरणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून जाणत्या यजमानांनी दिवसच पुढे ओढला : दिवेलागणीला जेवण, शेकोटी अंगणात, कुंपणाच्या आत आणि उजेडात, लहान मुले मोठ्यांच्या मध्ये. ज्याला वाईट वाटते त्याला ते माणिकडोहची माहिती देतात आणि शेजारच्या घरांनी काय सोसले ते सांगतात. ऐकून कुणाचा हट्ट उरत नाही. ग्राहकाला सामील करून घेणे याचा अर्थ त्याच्यापासून अडचण न लपवणे, असाही होतो.

सरकारी योजनाही अशा घडू शकतात, याचा पुरावा शेजारी आंबेगावात आहे. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर भातशेती करणारे आदिवासी एकमेकांच्या मदतीने खाचरे पाडतात. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, अशी सावड. उतार खणून, दगडांची ताल रचून भातासाठी सपाट पट्टा तयार करायचा. त्याला पडकई म्हणतात. रोजगार हमीची कामे बाहेरून आखलेली यायची, त्यांत पडकई बसत नव्हती, आणि आखलेली कामे या उतारांना उपयोगाची नव्हती. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या शाश्वत संस्थेने या लोकांबरोबर राहून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि लोकांची ही पद्धतच सरकारी कार्यक्रमात आणली. नुसती मंजुरी मिळवून भागणार नव्हते. अवघड होते ते मोजमाप. कोणत्या उतारावर किती रुंदीची ताल टिकते, एका माणसाच्या हातून दिवसात किती काम होते, हे कागदावर नव्हते. ते खाचरे पाडणाऱ्यांच्या हातात होते आणि तिथूनच ते कागदावर आणावे लागले. याच लोकांनी डिंभ्याच्या पाण्यात, आपल्याच बुडालेल्या शेतांवर, मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. योजनेचा लाभार्थी म्हणून ज्याची नोंद होते तो योजनेचा कारागीर होऊ शकतो, हे मला या एका उदाहरणाने पटले. जुन्नरच्या पर्यटन आराखड्यासाठी परदेशी दाखले शोधणाऱ्यांनी आधी आहुपे-असाण्याकडचा रस्ता धरावा.

पर्यटनाचा एवढा आग्रह का, याचे एक कारण खोडदला आहे. तिथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली ती रेडिओ गोंगाट कमी म्हणून, आणि तो कमीच राहावा म्हणून या परिसरात मोठ्या उद्योगांवर बंधने आहेत. चाकणसारखी कारखानदारी इथे येणार नाही. तालुक्यातल्या तरुणांना ते खुपते. शेती आणि पाहुणचार हीच त्यांच्यासमोरची वाट उरते, म्हणून ती नीट बांधली जायला हवी. खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास दुर्बीण लोकांसाठी खुली होते, आसपासच्या शाळांतली मुले स्वतःचे प्रयोग घेऊन मांडायला येतात. नुसते पाहायला येणे आणि मांडायला येणे यांत अंतर आहे, आणि ते पोरांच्या चेहऱ्यावर दिसते.

राहता राहिली लेण्याद्री, आणि तिथला प्रश्न सगळ्यांत गुंतागुंतीचा आहे. देवस्थान न्यास आहे, गणपती जिथे आहे ते लेणे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, पायथ्याला गोळेगाव आहे आणि वाट पावणेतीनशेहून अधिक पायऱ्यांची आहे. अष्टविनायकांपैकी डोंगरावरचा, लेण्यातला हा एकच. स्मारकांविषयीच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट. त्यामुळे वर साधी शेड टाकायची म्हटली तरी दिल्लीच्या नियमांशी गाठ. तिकीट खात्याचे, पूजा न्यासाची, वाहनतळ आणि दुकाने गावाची. भाविकाला यातले काही ठाऊक नसते. त्याला फक्त कळते की देवाला जायला तिकीट का, आणि पाणी कुठे.

वर जाऊ न शकणाऱ्यांसाठी डोली आहे. खुर्चीला दोन दांडे, चार माणसे, आणि मध्ये कुणाची तरी आई. हे काम फार अंगमेहनतीचे. चढताना पुढचे दोघे दांडा खाली धरतात आणि मागचे खांद्यावर घेतात, म्हणजे खुर्ची सपाट राहते. उतरताना याच्या उलट. पायरी उंच आली की शब्द न बोलता चौघांचा पाय एकदम पडतो. कोणत्या वळणावर म्हाताऱ्या माणसाला धाप लागते, कोणत्या टप्प्यावर कठडा हातात येत नाही, दुपारी बारा ते तीन कोणत्या पायऱ्या तापतात, माकडे कुठे अंगावर येतात आणि कशाला भुलतात, हे सगळे त्यांच्या पायांना माहीत आहे. त्यांच्या शेजारी पायऱ्यांवर ताक, काकडी, लिंबूसरबत विकणाऱ्या बायका बसतात. त्यांना भाविक कुठे थांबतो ते ठाऊक आहे, कारण तिथेच त्या बसतात.

लेण्याद्रीला रोपवे व्हावा, अशी चर्चा अधूनमधून उठते. वृद्धांना, अपंगांना देव दिसावा ही इच्छा रास्त आहे आणि तिला विरोध करण्याचे मला कारण दिसत नाही. पण आराखडा कागदावर येण्याआधी त्या चर्चेत कोण बसणार? डोली उचलणाऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न नुकसानभरपाईच्या रकान्यात शेवटी टाकण्याचा नाही. खालच्या स्थानकावर आणि वरच्या स्थानकावर धरून चढवणारी-उतरवणारी माणसे लागणारच आहेत, आणि आजारी माणसाला खुर्चीत कसे बसवावे हे ज्यांना येते ती माणसे आजही तिथेच आहेत. रोपवे झाला तरी वरच्या स्थानकापासून लेण्यापर्यंत थोड्या पायऱ्या उरतील, तिथे डोलीच लागेल. खालची दुकाने कोणाच्या दारातून उठतील आणि कोणाच्या दारात येतील, हे ताकवाल्या बायकांनी नकाशावर बोट ठेवून सांगायला हवे. आणि भाविकांमधून निवड करायची तर गाडीतून उतरून तासाभरात परतणारे नकोत. संकष्टीला नेमाने येणारे, गुडघे दुखत असूनही चढणारे, मध्ये तीनदा बसणारे हवेत. पुरातत्त्व खात्याचा अधिकारी, न्यासाचे विश्वस्त आणि गोळेगावचे सरपंच तर असतीलच. अशी बैठक गोळेगावच्या शाळेत घेता येते, आणि ती आराखड्याची निविदा निघण्याआधी घ्यावी लागेल, कारण निविदेत एकदा खांबांच्या जागा ठरल्या की डोलीवाल्यांना विचारून उपयोग नाही.